मोठ्यानं वाचलेला कोड

बारामतीत मी ऊसतोडीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. नवं काही बनवायचं नाही, जुन्याचीच डागडुजी. कुणाचा ऊस आधी तुटणार, हे आमचा प्रोग्राम लागवडीच्या तारखेवरून ठरवतो. आणि गंमत बघा, अंथुर्ण्यातल्या आमच्याच उसाचा नंबर त्यानं शेवटाला टाकला!

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. "आरं, उसाला तुरं आलं. वजन घटाय लागलंय. तू तितं बसून करतूस काय?"

माझं डोकंच फिरलं. आबांची नोंद उघडायची, नंबर पुढं ओढायचा, विषय संपला! पण शेजारी बसणाऱ्या आमच्या सीनियर, निमगाव केतकीच्या ताई, म्हणाल्या, "थांब की. आधी कोड वाचून दाखव."

ही त्यांची पद्धत. कोड मोठ्यानं वाचायचा, तोही मराठीत. वाचताना दम लागला, की तो तुकडा फार लांबलेला. तेच ते पुन्हा आलं, की ताई नाक मुरडणार, "वास येतोय रे." कोड चालत असतो, पण कालच्या वरणासारखा आतून आंबायला लागलेला असतो. मला या शाळेचा भारी वैताग यायचा. त्या दिवशी तर दात-ओठ खातच वाचलं.

उसाचं वय काढायचं गणित आलं. थोडं पुढं तेच पुन्हा. मग तिसऱ्यांदा. कुणीतरी कॉपी करून चिकटवत गेलेलं. तिसरी जागा इंदापूरकडच्या, म्हणजे आमच्या अंथुर्ण्याच्या पट्ट्यातल्या गावांची, आणि तिथं वर्ष सोडून नुसता महिना धरलेला! गेल्या वर्षी पावसाळ्यात लावलेला ऊस यंदाचा कोवळा ठरत होता. आबांचाच नव्हे, त्या पट्ट्यातल्या कितीतरी जणांचा.

ताईंनी गणित एकाच जागी ठेवायला लावलं, बाकीची काढून टाकली. सगळ्यांचेच नंबर नव्यानं लागले.

तोडणीची टोळी अंथुर्ण्यात आली तसा आबांचा फोन. "वशिला लावलास व्हय?"

"न्हाय हो आबा! चूक होती, ती सगळ्यांचीच दुरुस्त केली."

"मग बांधाशेजारच्याच्या फडात टोळी आमच्या आधी कशी?" त्या शेजाऱ्याशी आबांचं बोलणं बंद आहे.

"त्याची लागण तुमच्या आधीची."

आबांनी तोंडातल्या तोंडात महिने मोजले. "व्हय, त्यानं आधीच लावला हुता. मग बरोबर हाय."

नुसता नंबर ओढला असता, तर बापाच्या तोंडून हे मला कधीच ऐकायला मिळालं नसतं. ताईंचे हे उपकार मी जन्मात विसरणार नाही.