सगळीकडे ‘हो’ टाक

माझा फॉर्म मॅडमनी पडद्यावर लावला. नावासकट. आडनाव जरा जास्तच सावकाश वाचलं.

दादरचं कॉलेज, एसीचा हॉल. डिजिटल साक्षरता आणि शाश्वत विकास यांबद्दल विद्यार्थ्यांना किती जाण आहे, त्याचा सर्व्हे. फॉर्म मोबाईलवर आलेला, इंग्रजीत. मी मराठीत भरला. रिसोर्स, रीयूज, असलं काहीतरी विचारलेलं. मी लिहिलं, ‘प्रश्न कळला नाही.’

मॅडम हसल्या. “बघा, हे आपलं थर्ड इयर. कुठे राहतेस गं?”

“डिलाईल रोडला. चाळीत.”

“मग बरोबर.”

अख्खा हॉल हसला. प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, दोन घोट पिऊन सोडलेली. मॅडमच्या मागे प्लास्टिकमुक्तीचा फ्लेक्स. तोही प्लास्टिकचा. कुणाला काही वाटत नव्हतं. ज्ञानी लोक!

माझी आई कपडे धुतलेलं पाणी बादलीत धरते, त्यानं मोरी धुते. बाबांच्या जुन्या शर्टाची पिशवी शिवते, पिशवी फाटली की पायपुसणं. मजल्यावरच्या सगळ्यांची वीजबिलं, शेजारच्या आजोबांचा पेन्शनचा हयातीचा दाखला, सगळं मी मोबाईलवर करून देते. याला इंग्रजीत नावं आहेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तरी त्या दिवशी मान खाली गेली. आईची लाज वाटली मला. आईची! ते अजून सलतं.

दोन दिवसांनी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज एकदम गोड.

“बाळा, फॉर्म परत भर. सगळीकडे ‘हो’ टाक. रिपोर्ट वर पाठवायचाय, टक्केवारी पडतेय.”

“प्रश्न मराठीत सांगा. खरं काय ते लिहिते.”

“तेवढा वेळ नाहीये. बाकीच्यांनी टाकलंच ना?”

म्हणजे हसणाऱ्यांनाही काही कळलं नव्हतं. नुसतं ‘हो’ टाकून मोकळे. इतके दिवस मी यांना घाबरत होते. भीती गेली. किळस आली.

“मी नाही टाकणार.”

“प्रोजेक्टचे मार्क जातील.”

“जाऊ देत.”

गेले. कॉलेजला जागरूकतेची ढाल मिळाली. मॅडमनी फोटो काढून घेतले.

आता मी एम.ए.ला आहे. लघुप्रबंधाचा विषय तोच, कुणाला किती जाण आहे; भाषा मराठी. मार्गदर्शक सर म्हणाले, “वस्तीत जा, तिथे माहिती मिळेल.” म्हटलं, नाही सर. टॉवरमध्ये जाणार. प्राध्यापकांकडे जाणार. दार उघडेपर्यंत बेल वाजवणार. मला त्यांची माफी नको. मला त्यांच्या घरचा कचरा बघायचाय.