मखराची चांदी

नंदू गेल्याचं मला दुपारी कंपनीत कळलं, शेजाऱ्यांच्या फोनवरून. नंदू म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, दहावीतला. शाळेच्या गच्चीत पाण्याच्या टाकीमागे सापडला. गर्दने गेला, त्या ब्राउन शुगरने. चित्रकलेत बक्षिसं आणणारा पोरगा गर्द ओढतो, हे कांदिवलीच्या आमच्या अख्ख्या इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं... म्हणजे आम्ही तसं म्हणतो.

भावोजी गेल्यापासून मी ताईकडेच राहतो. गणपतीचं मखर आमच्याकडे घरीच करायचं. विकतचं आणलं तर गावची माणसं नावं ठेवतात. आठवीपासून ते काम नंदूकडे. मी सिगारेट ओढणारा, तेव्हा पाकिटातल्या चंदेरी कागदावर, त्या चांदीवर, हक्क त्याचा. "मामा, पाकीट टाकू नको हां, मखराला चांदी लागते," असं रोज बजावायचा. पुढे तर कंपनीतल्या लोकांची पाकिटंही मीच गोळा करून आणू लागलो. तो चांदी पाण्यात भिजवून मागचा कागद सोलायचा, नखाने सारखी करायचा आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा. पोराच्या हातात काय कला आहे, म्हणून मी कौतुकाने बघत बसायचो. गेल्या गणपतीत मखर झालं, पण त्यात चांदीचा एक तुकडा नव्हता. विचारलं तर म्हणाला, "पुढच्या वर्षी, मामा. एकदम झकास करू." मी हसलो. माझ्यासारखा गाढव मीच.

इस्पितळात हवालदाराने त्याच्या खिशातली चांदीची पट्टी दाखवली, मधोमध काळी पडलेली. यावर गर्द ठेवतात, खालून काडी लावतात आणि धूर ओढतात, असं त्याने मला समजावून सांगितलं. ताई आत नंदूपाशी होती. गर्दचं मी तिला सांगितलं, पट्टीचं नाही सांगितलं.

त्याला आता दीड महिना झाला. परवा रिकामं पाकीट फेकायला निघालो, तर ताईने ते माझ्या हातातून घेतलं. चांदी काढली, अगदी त्याच्यासारखी नखाने सारखी केली आणि डब्यात ठेवली. "त्याचं राहिलंय रे," ती म्हणाली. "यंदा आरास नको. पुढच्या वर्षी सगळी लावू." मी सिगारेट सोडायची ठरवली होती. आता सोडली, तर डबा का भरत नाही म्हणून ती विचारेल. तोंडाने सांगायला मला जमत नाही, म्हणून हे इथे लिहून पाठवतोय. पेपरची ही पुरवणी मात्र ती दर रविवारी जेवणं उरकल्यावर पहिल्या पानापासून वाचते...

ताई, त्या चांदीवरच तो गर्द ओढायचा. ती मी आणून देत होतो.