पारासमोरून पळताना
गुडघ्याला लावायच्या मलमाचा वास आला की धायरीतली ती सकाळ आठवते. अनाथ मुलांच्या मदतीसाठी लांब पल्ल्याची शर्यत होणार होती. ज्यांच्याकडे मी पोळ्या करायची, त्या कॉम्प्युटर कंपनीतल्या ताईंनी माझंही नाव घातलं होतं. त्या सकाळी सरावाआधी गुडघ्यांना मलम चोळून झाल्यावर प्रत्येकीनं आपलं ध्येय बोलून दाखवायचं. बाकीच्या किलोमीटर सांगत होत्या. मी कसंबसं म्हणाले, "आमच्या पारासमोरून न थांबता जायचं." पारावर सकाळी माझे सासरे बसत. त्यांच्यासमोरून आम्ही सुना डोक्यावर पदर घेऊन, खाली मान घालून जायचो. त्यांना पळण्याचं सांगायचा धीर मला झाला नव्हता. ते नको म्हणाले असते तर सगळं तिथंच संपलं असतं. त्या दिवशी मी पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला बांधून पळत होते, ताई मागून येत होत्या. पार दिसला तशी मी हळू झाले. तिथल्या गप्पा थांबल्या. सासरे उठून उभे राहिले. मी थांबणार, तेवढ्यात ते ओरडले, "अगं ए, थांबतीस काय? ती मागची बाई गाठंल की तुला!" पारावरची माणसं हसली. मी जी सुटले ती वळणावर पोहोचल्यावरच मागं पाहिलं. ते अजून उभेच होते.