आत्याबाईंचं पाऊल आणि ब्रेक

परवा गॅरेजात ब्रेक ऑइलचा तो एरंडेलासारखा वास आला आणि मी थेट नानपुऱ्यातल्या सासरच्या अंगणात, महिन्याभराची नवी नवरी होऊन बसले. आमचे हे जुन्या गाडीखाली आडवे पडून ब्रेकमधली हवा काढत होते आणि मी आत बसून ब्रेक दाबून धरला होता. "नट अडकलाय! पाय सोडलास तर सगळी हवा परत शिरेल!" खालून हुकूम आला, आणि नेमका तेव्हाच फाटकाशी टांगा थांबला. उतरल्या ह्यांच्या अमळनेरच्या आत्याबाई! आमच्या लग्नाला रुसून न आलेल्या त्या आता नवी सून पाया कशी पडते, ते बघायला आल्या होत्या. मी काही उठेना. "हिला पाय आहेत ना रे?" त्यांनी भाच्याला विचारलं. "आहेत, पण एक ब्रेकवर आहे!" खालून उत्तर आलं. मी दारातून दोन्ही हात बाहेर काढले. "आत्याबाई, तुमचं पाऊल जरा वर आणता का?" पापड वाळत घालणारी शेजारची गुजराती मासी पापड टाकून गाडीपाशी आली. आत्याबाईंनी मला नखशिखान्त न्याहाळलं, मासीचा खांदा पकडला, नऊवारी सावरली आणि चप्पल काढून पाऊल गाडीच्या उंबऱ्यावर ठेवलं. "पड पाया," त्या म्हणाल्या, "पण ब्रेक सोडू नकोस. परत जाताना मला टांगा नको." अजूनही तो वास आला की माझा उजवा पाय ताठ होतो आणि हात कुणाचं तरी पाऊल शोधू लागतात.