रिकाम्या जागेसमोर आलेला सील

मंडळी, आज मी बोटीतल्या अकरा लोकांना एका नसलेल्या मुलीची वाट पाहायला लावली.

युट्रेख्टहून एकटीच झीलंडला गेले होते, समुद्रातले सील बघायला, फोटो काढायला. बुकिंग कमीत कमी दोघांचं होतं, म्हणून दोन तिकिटं काढली. बोटवाल्या काकांनी यादी बघून विचारलं, "तुझ्याबरोबर कोण आहे?" सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या आणि मी बोलून गेले, "मैत्रीण आहे. तिची ट्रेन चुकली."

काका म्हणाले, "मग थांबू की!"

दहा मिनिटं सगळे धक्क्याकडे डोळे लावून बसले. मीसुद्धा! शेवटी मीच म्हटलं, "जाऊ दे, निघूया."

वाळूच्या बेटाजवळ काकांनी इंजिन बंद केलं. एक सील पोहत आला आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेसमोरच त्याने डोकं वर काढलं. इतका जवळ, की मिशांवरचे थेंब दिसत होते. मोठी लेन्स कुचकामी ठरली, फोनवरच फोटो काढले. पलीकडच्या डच आजी कुजबुजल्या, "तिच्यासाठी पण काढ हं!"

उतरताना त्याच आजींनी टिश्यूत गुंडाळलेलं एक बिस्किट हातात ठेवलं. "मैत्रिणीला दे. बिचारीचं सगळंच हुकलं."

परतीच्या ट्रेनमध्ये ते मीच खाल्लं. शेजारची सीट तेव्हाही रिकामीच होती.

फोटो खाली टाकलेत. तिला नक्की दाखवीन, असा आजींना शब्द दिलाय. तुमच्यापैकी कोणी होईल का ती?