चार नंबरचं हँडल आणि गुरुजींचा पंखा

वीज सबस्टेशनात नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. आठ तासांची ड्यूटी, एक खोली, एक फोन, चार हँडलं आणि बाहेर सदानकदा गुणगुणणारा ट्रान्सफॉर्मर. एवढ्या सामानावर किस्से साचले नाहीत तरच नवल. बरेचसे मी चारचौघांत हसत सांगतो. काही मात्र फक्त दिवसाउजेडी सांगतो, आणि तेही शेजारी कुणी बसलेलं असेल तर. हे त्यातले.

सत्तर सालानंतरची गोष्ट. वाशीमकडच्या मालेगावहून शिरपूरकडे जाताना रस्त्याला लागून आमचं सबस्टेशन होतं. मी ऑपरेटर आणि शेषराव लाईनमन. आमच्यावर साहेब, म्हणजे साताऱ्याकडून आलेले तरुण ज्युनिअर इंजिनिअर. ट्रान्सफॉर्मर एकच, आणि तोही तुडुंब भरलेला. जो तो विहिरीवर मोटार बसवायला निघालेला. साहेब प्रत्येक अर्जावर एकच शेरा मारायचे, "क्षमता शिल्लक नाही."

*

शेषराव ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाला कान लावून उभा राहायचा आणि कुणाची मोटार सुरू झाली ते सांगायचा. मला वाटायचं, हा थापा मारतो.

एक दिवस दुपारी तो म्हणाला, "देशमुखाची मोटार गेली. बेरिंग खाऊन राह्यली होती दोन दिवसापासून."

अर्ध्या तासानं देशमुख मोटरसायकलवर आला. "काहो, आमची लाईन काहून बंद केली?"

"लाईन हाये," शेषराव जाळीजवळूनच बोलला. "बेरिंग बदला."

देशमुखानं माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरात डोकं घातलं. खरं सांगतो, त्या दिवसापासून मला त्या कानाची जरा भीतीच वाटायला लागली.

*

लाईनमन खांबावर चढायचा असला की ऑपरेटर हँडल पाडून लाईन बंद करतो. त्याची रजिस्टरात नोंद असते, सही असते. पण आमच्याकडे सहीच्या भरवशावर कुणी जीव टाकत नव्हता. शेषराव आपली तंबाखूची डबी सुतळीनं त्या हँडलला बांधून जायचा. परत येऊन त्यानं स्वतःच्या हातानं डबी सोडली की मगच मी हँडल चढवायचं. कलेक्टरचा फोन आला तरी त्याआधी नाही.

साहेब नवीन होते तेव्हाची गोष्ट. फिरत फिरत आले, नाक मुरडलं आणि डबी सोडून टेबलावर ठेवली. मी इतक्या जोरात ओरडलो की साहेब दोन पावलं मागे सरले.

"अहो, तंबाखूची डबी आहे ती."

"डबी नाही साहेब, शेषराव आहे. जिथं होता तिथं ठेवा."

साहेबांनी मुकाट्यानं डबी परत बांधली. पुढं तेही त्या हँडलजवळून जाताना जरा लांबून जायचे.

*

आता गुरुजी. खिल्लारे गुरुजी शाळेतून रिटायर झालेले. टेकडीपलीकडे त्यांची अकरा घरांची वाडी होती, सगळी बौद्ध मंडळी. वाडी गावाबाहेर, म्हणून तारही तिथं सगळ्यात शेवटी पोचलेली. आमचं चार नंबरचं हँडल म्हणजे ही वाडी आणि वाटेतल्या दोन विहिरी. लोड वाढला की पहिलं हँडल पडायचं ते हेच. पाडायचो मीच. तेव्हा मला त्याचं काही वाटायचं नाही, हे आज सांगताना वाईट वाटतं.

गुरुजी एक दिवस अर्ज घेऊन आले. साहेबांनी न वाचताच शेरा मारायला पेन उचललं.

"साहेब, मी वीज मांगून नाई राह्यलो," गुरुजी म्हणाले. "द्यायले आलो."

टेकडीवर त्यांनी पवनचक्की उभी केली होती. लोखंडी मनोरा, वर पत्र्याचा पंखा, आणि खाली पट्ट्यानं जोडलेली जुनी पंपाची मोटार. पंख्यानं ती जोरात फिरवली की तीच मोटार वीज ओढायच्या ऐवजी उलटी तारेत ढकलायची. तुमची वीज कमी पडते ना, मग आमची घ्या आणि वाडीची बंद करू नका, एवढंच गुरुजींचं म्हणणं.

साहेब म्हणाले, "गुरुजी, वीज घेण्याचा फॉर्म आहे. देण्याचा फॉर्मच नाही."

"मंग घेन्याचाच द्या. अर्जदाराच्या जागी तुमचं नाव लिवतो."

साहेब हसले, तिथंच फसले. ट्रायल म्हणून तोंडी परवानगी मिळाली.

*

पंखा आमच्या खिडकीतून दिसायचा. दीड मैलावर टेकडी, तिच्यावर तो. वाडी मात्र पलीकडच्या अंगाला, फक्त वरची घरं दिसायची.

मनोऱ्याजवळच्या मीटरची चकती उलटी फिरते हे कळल्यावर शिरपूरपासून माणसं पाहायला आली. वाडीतला एक म्हातारा तर रोज येऊन मीटरसमोर बसायचा. मी एकदा तिकडं गेलो तेव्हा विचारलं, "बाबा, काय पाहता इतकं?"

"हे मांगं मांगं चाललं ना बापू," तो म्हणाला. "माही माय मेली त्या सालापाशी आलं की मले आवाज दे."

मला हसू आलं नाही.

*

एकदा दिवेलागणीला लोड वाढला आणि मी सवयीनं चार नंबर पाडलं. सहज खिडकीबाहेर पाहिलं, तर टेकडीवर वाडीतले दिवे लागलेले. वारा वाढला की उजळायचे, पडला की लाल व्हायचे. माझा हात अजून हँडलवर होता. हँडल खाली, लाईन मेलेली आणि दिवे जिवंत.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी खुलासा केला. व्होल्टेज सुधारावं म्हणून त्यांनीच गुरुजींना मोटारीवर कंडेन्सर बसवायला सांगितला होता. त्याच्या जोरावर आमची लाईन नसतानाही मोटार एकटीच वीज देत होती. साहेबांना कोण आनंद! आम्ही चहा मागवला. आता हँडल पाडलं तरी ती तार मेलेली असेलच असं नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

*

ते शेषरावच्या हाताला कळलं.

भर दुपारी बाराला तो वाडीच्या शेवटच्या खांबावर चढला. डबी माझ्यासमोर हँडलला बांधलेली होती. तारेला हात लावण्याआधी शेषराव उलट्या पंजानं शिवून पाहायचा. झटका बसलाच तर पंजा तार आवळत नाही, फेकला जातो. त्या दिवशी फेकला गेला. कमरेचा पट्टा होता म्हणून तो खांबाला लोंबकळत राहिला.

तासाभरानं तो सायकल ढकलत आला. उलट्या पंजाची कातडी जळलेली. "तू हँडल चढवलं."

"डबी पाह्य," मी म्हणालो.

त्यानं डबी पाहिली, गाठ पाहिली. गाठ त्याचीच होती. मग तो माझ्याकडे असा बघायला लागला की माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला.

संध्याकाळी गुरुजी चालत आले. बाराच्या सुमाराला वारा सुटला होता, हे त्यांनीच सांगितलं. "मारलं असतं रे मी तुले," एवढं बोलून ते खाली बसले.

"लाईन गेली की मोटार आपोआप मरते, असं पुस्तकात आहे," साहेब पुटपुटले. कंडेन्सर ते विसरले होते.

शेषराव म्हणाला, "पुस्तकाले म्हना, एकडाव खांबावर चढ."

*

त्यानंतर ठरलं की वीज दोन्हीकडून येते, तर खूणही दोन्हीकडे पाहिजे. डबी माझ्याकडे. मग टेकडीवर जाऊन शेषरावनं पंख्याचा ब्रेक ओढायचा आणि त्याच्या दांड्याला आपला खांद्यावरचा दुपट्टा बांधायचा. दुपट्टा आहे तोवर गुरुजी ब्रेकजवळून हलणार नाहीत. ते मनोऱ्याला टेकून बसायचे, पाणी प्यायलासुद्धा उठायचे नाहीत. तिथून खांब दिसत नव्हता, त्यामुळे माणूस वर आहे की उतरला हे सांगायला फक्त दुपट्टा.

एकदा शेषराव खांबावरून उतरला तर खाली त्याचा साळा बैलगाडी घेऊन उभा, पोहरादेवीच्या यात्रेला चल म्हणून. हा तसाच गाडीत बसला. डबी विसरला, दुपट्टाही विसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवण झाली तेव्हा धावत टेकडीवर आला. गुरुजी मनोऱ्याला टेकून बसलेले, पाय लांब केलेले.

"गुरुजी, घरी काहून नाई गेले?"

"दुपट्टा बांधेल होता. मी कसा उठू?"

शेषराव त्यांच्या पायाशी बसून रडला. मला हे त्यानंच सांगितलं, आणि सांगताना लपवलं नाही. तेव्हापासून दुपट्टा सोडला की तो नेमानं मोठ्यानं म्हणायचा, "गुरुजी, झालं माहं. उठा आता." ते ऐकल्याशिवाय गुरुजीही उठत नसत. मग उठून स्वतःच्या हातानं ब्रेक सोडायचे.

*

गुरुजी बुद्धपौर्णिमेनंतर चार दिवसांनी गेले. दुपारी मनोऱ्याला टेकून बसले होते, तिथंच. त्यांची बायको लेकीकडे वाशीमला राहायला गेली. साहेब म्हणाले, "आता ब्रेकजवळ बसणारं कुणी नाही. कुणाचा जीव जायच्या आत पंख्याकडून येणारी ती तार तोडून टाका."

ज्येष्ठाचे दिवस, पाऊस लांबलेला. त्या दिवशी सकाळपासून असा वारा होता की सबस्टेशनच्या पटांगणातली खडी दिसत नव्हती, नुसती धूळ. शेषरावनं चार नंबरला डबी बांधली आणि सायकल काढली.

"वारा पडू दे ना बापा," मी म्हटलं.

"ब्रेक हाये ना."

तो गेल्यावर मी खिडकीशी उभा राहिलो. धूळ जरा बसली की टेकडी दिसायची. पंखा थांबून उभा होता. मला हायसं वाटलं, शेषरावनं ब्रेक ओढला म्हणायचा. वाटेतल्या बाभळी जमिनीला लागत होत्या. पंख्याचं पातंही हलत नव्हतं. बराच वेळ मी पाहत होतो. मग साडेबाराच्या सुमाराला तो सुरू झाला, तो एकदम जोरात. तार तुटली, काम झालं, असं समजून मी खुर्चीत बसलो.

शेषराव आला तेव्हा त्याचा दुपट्टा हातातच होता. डबीकडे न जाता तो माझ्यासमोर बसला.

"मी गेलो तवाच पंखा उभा होता," तो म्हणाला. "मले वाटलं, वाडीतल्या कोनं ब्रेक ओढून ठेवला. दांड्याले दुपट्टा बांधला अन् गेलो खांबाकडं. अर्धा तास दोन्ही हातानं तार धरून होतो मी."

"मग?"

"उतरून दुपट्टा सोडायले आलो, तं पाह्यलं. ब्रेकची तार वरूनच तुटेल होती. लोंबकळून राह्यली होती वाऱ्यानं. दांडा नुसता हातात आला."

"अरे, पण पंखा तर उभा होता. मी पाहत होतो ना इथून."

"हो. उभाच होता."

बाहेर ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता. मी विचारलं, "मग तू काय केलं?"

शेषराव उठला, हँडलजवळ गेला आणि डबीची गाठ सोडायला लागला. मागं जळलेल्या हाताला ती लवकर सुटेना.

"काय करतो? दुपट्टा सोडला," तो म्हणाला. "अन् म्हनलं, गुरुजी, झालं माहं. उठा आता."