साडूंचे वॉलपेपर

सॉफ्टवेअरवर पोटच्या लेकरासारखी माया करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. उदगीरला तहसील कचेरीसमोर त्यांचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. जे सॉफ्टवेअर वापरताना मनाला गोड वाटेल, त्याच्या सन्मानार्थ ते स्वतःच्या हातानं कॉम्प्युटरसाठी वॉलपेपर तयार करतात. "जे रोज आपल्यासाठी राबून राहिलंय, त्याचा एक फोटो लावू नये का, पाव्हणं?" हा त्यांचा सवाल. आकड्यांचे तक्ते करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी त्यांनी अर्धापूरची केळीची बाग काढली; आडव्या ओळी, उभ्या ओळी, प्रत्येक झाडाला नंबर. व्हायरस पकडणाऱ्यासाठी गोफण घेतलेला राखणदार काढला आणि त्याला आमच्या सासऱ्यांचा चेहरा दिला. "ह्यांच्यापुढं कोणता व्हायरस उभा राहील?" असं वर मलाच विचारलं.

चित्रावर ते एकही आयकॉन ठेवू देत नाहीत. "देवाच्या फोटोवर चपला ठेवताव का?" त्यामुळं गिऱ्हाइकांच्या फायली कुठं असतात, हे ते आणि परमेश्वर दोघांनाच ठाऊक. एकदा छपाईच्या सॉफ्टवेअरचा वॉलपेपर त्यांनी बटणांसकट रंगवला आणि चहाला गेले. तेवढ्यात बिलोलीचे एक गुरुजी येऊन बसले आणि चित्रातलं 'छापा' हे बटण पाव तास दाबत राहिले. शेवटी "मशीन मेलं!" म्हणून ओरडले. साडू धावत आले, सगळा प्रकार ऐकला आणि भारावून म्हणाले, "इतकं हुबेहूब झालंय?"

माझी थोरली मेहुणी, म्हणजे आमची अक्का, एकदा चिडून म्हणाली, "लग्नाला बावीस वर्षं झाली. माझा एक तरी वॉलपेपर केलाव का?"

साडू गंभीर झाले. "तीनदा करून बघितला. तू मागं बसतच न्हाईस. मागं बसंल तोच वॉलपेपर."

ही तक्रार होती की स्तुती, याचा अक्का दोन दिवस विचार करत होती.

गेल्या हिवाळ्यात दुकानातला जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. नवा आला, पण साडू ज्यावर टायपिंग शिकले ते मराठी सॉफ्टवेअर त्यावर चालेना. तीन मेकॅनिकांनी हात टेकले. साडू दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग आठवडाभर बसून त्यांनी त्याचा वॉलपेपर केला आणि मला नांदेडहून बोलावून घेतलं. चित्र खरंच देखणं होतं. पण साडूंचं समाधान होईना. "ज्यानं हे बनवलं, त्याला दाखवायला पाहिजे."

सॉफ्टवेअरसोबत आलेली पिवळी पडलेली पुस्तिका त्यांनी जपून ठेवली होती. तिच्या मागं एक फोन नंबर होता. तो लागेल असं मला वाटलं नव्हतं, पण लागला. साडूंनी स्पीकर चालू केला आणि सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं.

"ते काम मी केव्हाच सोडलं हो," पलीकडून थकलेला आवाज आला. "आता काही अडचण आली तर माझ्याच्यानं होणार नाही."

"अडचण न्हाई, सर. लई चांगलं चाललं, एवढंच सांगायला फोन केलाय. त्याचं एक चित्र काढलंय. मोबाइलवर पाठवू का?"

"पाठवून काय उपयोग? मला आता नीट दिसत नाही. तुम्हीच सांगा, काय काढलंय?"

दुकानात चार गिऱ्हाइकं खोळंबली होती. साडूंनी त्यांना हातानं थांबवलं आणि पडद्याकडं बघत सावकाश सांगायला सुरुवात केली. "वर आभाळ हाय, सर, तुमच्या स्क्रीनचं होतं तसंच निळं. खाली काळं रान. रानात सगळी बाराखडी पेरलीय. सगळी अक्षरं वर आल्यात, ज्ञ तेवढा अर्धाच उगवलाय. तुमच्यात तो टाइप करताना अडकायचा ना, म्हणून."

"ज्ञ," म्हातारा हसला. "माहीत होतं मला. दुरुस्त करायचा राहूनच गेला बघा."

"राहू द्या, सर," साडू म्हणाले. "आम्हाला सवय झाली होती त्याची."